रॉकेटचं किट बांधायला घेतलंय: लांबी (पुट्टी), पॉलिश, रंग आणि उडवणं (सांगली)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. लेकीच्या मामानं अमेरिकेहून येताना तिच्यासाठी मॉडेल रॉकेटचं किट आणलंय. ती नववीत आहे. डब्यात कागदाची लांब नळी, बाल्सा लाकडाची पातळ फळी (तिच्यावर तीन फिन्स, म्हणजे शेपटीचे पंख, अर्धवट कापलेले), प्लॅस्टिकचं नाक, इंजिन धरणारी छोटी नळी, ती मोठ्या नळीत मधोमध बसवायला पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, रबरी दोरी आणि पॅराशूटचं प्लॅस्टिक आहे. जोडल्यावर साधारण फूटभर उंच होईल. इंजिनं (दारू भरलेल्या छोट्या नळ्या) नाहीत, ती विमानातून आणताच येत नाहीत.

माहितीपत्रकात चित्रं आहेत, त्यामुळे जोडणी कळते. अडतंय ते फिनिशिंगला. नळीवर कागद गुंडाळल्याची तिरकी खाच दिसते, ती कशी बुजवायची? बाल्सा इतका मऊ आहे की नखाचा वळ उठतो, त्यावर थेट रंग मारला तर लाकडाच्या रेषा दिसणारच. आणि सध्या सांगलीत पावसाची झड लागलीय. कपडे वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार!

माझं मत आधीच सांगते. इंजिन मिळो न मिळो, हे उडणार आहे असं धरूनच बांधायचं. लेकीचंही तेच म्हणणं आहे. ज्यांनी बांधलंय, रंगवलंय, उडवलंय त्यांनी सविस्तर लिहा.

भडंगप्रेमी
पॅराशूट फाटलं तर कळवा ताई. आमच्याकडे भडंगाच्या रिकाम्या पिशव्या ढिगानं आहेत.

डेन्व्हरकर_मूळचा_मिरजेचा
भडंगाची पिशवी जाड पडते हो, उघडणारच नाही. कचऱ्याच्या डब्याला लावतो ती पातळ पिशवी मात्र खरंच चालते. षटकोनी कापायची, सहा कोपऱ्यांना दोरे, झालं पॅराशूट.

ताई, अभिनंदन. मी कोलोराडोत राहतो, मुलाबरोबर हीच रॉकेट्स उडवतो. "उडणार आहे असं धरून बांधायचं" हे वाचून फार बरं वाटलं. इंजिनावर नंतर सविस्तर लिहितो. आधी इथले जाणकार फिन्सवर बोलू देत.

एअरविंग
एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग केलंय, बाल्साशी ओळख तिथली.

सगळ्यात आधी फिनच्या लाकडाची रेषा बघा. फिनची जी कड हवा कापत पुढे जाते, तिला लाकडाची रेषा समांतर हवी. किटमध्ये तशीच छापलेली असते, पण एखादा फिन तुटला आणि नवा कापायची वेळ आली की लोक फळीवर जागा वाचवायला आडवातिडवा कापतात. रेषा नळीला समांतर गेली तर रॉकेट जमिनीला टेकताना फिन मुळापासून सरळ तुटतो.

कापून झाल्यावर तिन्ही फिन्स एकावर एक ठेवून एकत्र घासा, म्हणजे आकार तंतोतंत सारखे होतात. मग एकेक घेऊन पुढची कड गोल करा आणि मागची निमुळती. नळीला चिकटणारी कड मात्र सपाटच ठेवा, तिला गोलाई दिली की जोड कमजोर झाला.

चिकटवायला साधं पांढरं फेव्हिकॉल उत्तम. नळी कागदाची, फिन लाकडाचा, दोन्हीत ते मुरतं. पद्धत अशी: फिनच्या कडेला आणि नळीवरच्या रेषेवर पातळ थर द्या, पाच-दहा मिनिटं सुकू द्या. मग पुन्हा बारीक रेघ ओढून दाबून धरा. मिनिटाभरात फिन उभा राहतो, तासभर धरून बसावं लागत नाही. असा जोड ओढून तोडला तर नळीचा कागद सोलून निघतो पण जोड सुटत नाही. झटपट चिकटणारा गोंद इथे नको, तो ठिसूळ असतो, आपटल्यावर कडकन सुटतो.

नळीवर उभी सरळ रेघ मारायला दाराच्या चौकटीचा कोपरा वापरा. नळी त्या खाचेत ठेवली की चौकटीची कड आपोआप पट्टीचं काम करते.

कृष्णाकाठची
चौकटीची युक्ती लेकीनं लगेच करून बघितली. तिन्ही रेघा सरळ आल्यात! इंजिनाची नळी आत बसवताना काही जपायचं असतं का?

एअरविंग
हो, लिहायचं राहिलं. पांढरं फेव्हिकॉल लागलं की कागद फुगतो आणि चकती नळीच्या आत मध्येच धरते. एकदा धरली की मागेपुढे हलत नाही. म्हणून आधी कोरडं बसवून बघा. चकती घट्ट वाटली तर कडेनं हलकी घासा. किती आत जायला हवी ती खूण पेन्सिलच्या मागच्या टोकावर करून ठेवा. गोंद चकतीला लावायचा नाही. काडीनं नळीच्या आत, चकती जिथे बसणार त्याच्या किंचित अलीकडे गोल लावायचा आणि एका दमात ढकलायचं. मध्ये थांबायचं नाही.

डेंटिंगपेंटिंग_माधवनगर
आता आमचं काम. गाड्या रंगवतो, पण शाळेच्या प्रदर्शनाची मॉडेलं पण भरपूर रंगवून दिलीत.

नळीवरची तिरकी खाच म्हणजे आमच्या भाषेत लांबीचं, म्हणजे पुट्टी भरायचं काम. गाडीच्या पत्र्याची पॉलिस्टर पुट्टी आणू नका. ती जड, आणि कागदावर घासताना पुट्टीआधी कागदच झिजतो. सुतार वापरतात ती पाण्यात कालवायची लाकडाची पुट्टी घ्या, ताकाएवढी पातळ करा आणि बोटानं फक्त खाचेत भरा. सुकली की ३२० नंबरचा पॉलिश पेपर. नळीचा कागद दिसायला लागेपर्यंत घासा, पुट्टी खाचेतच उरली पाहिजे. कागदाला लव सुटायला लागली की थांबा.

मग सरफेसर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर. दोन पातळ हात, मध्ये ४०० नंबर. उजेडाच्या बाजूला नळी तिरकी धरून फिरवा. खाच राहिली असेल तर सरफेसरवर लगेच दिसते, रंगावर दिसून उपयोग नसतो. मग पांढरा बेस, मग रंग. फिकट आधी, गडद नंतर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरफेसर, रंग, वरचा क्लिअर (बिनरंगी थर) हे सगळं एकाच जातीचं घ्या. ऑइल पेंटवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा हात मारला की खालचा रंग उकलतो, सुरकुत्या पडतात, सगळं खरवडायला लागतं. आणि प्लॅस्टिकच्या नाकावर एनसी थिनर ओला पडला तर प्लॅस्टिक विरघळतं. नाकाचा जो भाग नळीच्या आत जातो तिथे आधी थेंबभर लावून बघा.

पावसाचं म्हणाल तर झड असताना स्प्रे मारूच नका. थिनर झटकन उडतो, त्यानं पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. रंग पांढुरका, धुरकट दिसतो. आम्ही पण श्रावणात ऊन पडलेल्या दुपारची वाट बघतो.

तंबोऱ्याचं_घर
मिरजेतून लिहितोय, आमचा घरचा धंदा तंतुवाद्यांचा. बाल्साबद्दल सांगावंसं वाटलं.

लाकडाची रेषा बुजवायला चपडा लाख वापरून बघा. लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी विरघळलेली असते. मऊ सुती कापडात कापूस घालून छोटी पुरचुंडी करायची, ती लाखेत बुडवून पिळून घ्यायची आणि फिनवर लांब, हलके हात फिरवायचे. पहिला हात बाल्सा पिऊन टाकतो. सुकल्यावर लाकूड खरबरीत होतं, कारण बसलेली लव उठते आणि ताठ होते. तेव्हाच जुना झिजलेला पॉलिश पेपर फिरवायचा, लव साफ निघते. पुन्हा हात, पुन्हा घासणं. बोट फिरवलं आणि लाकूड आहे हे कळेनासं झालं की पुरे. तंबोऱ्याच्या दांडीवर आम्ही हेच करतो, फक्त तिथे लाकूड दिसायला हवं असतं आणि तुम्हाला झाकायचंय.

दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या हं. एकाच बाजूला दिले तर पातळ फिन वाकतो.

डेंटिंगपेंटिंग_माधवनगर
दादा, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे, पण लाखेवर लॅकर धरत नाही. लाखेत मेण असतं. आज छान दिसेल, महिन्याभरानं टेप लावून काढला की टेपबरोबर रंग येईल. लाकडाची रंध्रं बुजवणारा सँडिंग सीलर मिळतो, तो मारा, त्यावर काहीही मारा.

तंबोऱ्याचं_घर
मेणाचं बरोबर आहे. त्यासाठीच विरघळलेली लाख बाटलीत न हलवता ठेवायची. मेण गढूळ होऊन तळाला बसतं, वरची निवळ अलगद ओतून घ्यायची. निवळलेल्या लाखेवर पुढचे थर चांगले धरतात. सँडिंग सीलर वाईट नाही, पण नववीतल्या मुलीनं बंद खोलीत एनसी सीलरचा वास घेत बसण्यापेक्षा स्पिरिटची लाख बरी, असं माझं मत. खिडकी दोन्हीला उघडीच हवी आणि जवळ गॅस, उदबत्ती काही नको.

डेंटिंगपेंटिंग_माधवनगर
निवळ घेणार असाल तर हरकत नाही. वासाचं म्हणणं पटलं. आम्हाला सवय झालेली असते, लेकराला मास्क द्याच.

भडंगप्रेमी
मिरज आणि माधवनगर यांचा तह झाला. रॉकेट सांगलीत आहे, मधोमध.

एअरविंग
तिसरा मार्ग पण आहे. फिनवर साधा पातळ बाँड पेपर फेव्हिकॉलनं चिकटवायचा, पुढच्या कडेवरून दुमडून दोन्ही बाजूंना. वर जाड पुस्तकांचा ढीग ठेवून रात्रभर सुकवायचा. रेषा बुजवायची कटकट नाही आणि फिन कितीतरी मजबूत होतो. वजन किंचित वाढतं.

विट्याचे_सर
वजनाचा विषय निघालाच आहे तर थांबा. चर्चा रंगाकडे गेली, पण रंग म्हणजे वजन, आणि शेपटीकडचं वजन रॉकेटला मारक असतं.

रॉकेटचा गुरुत्वमध्य (जिथे धरलं की तोललं जातं तो बिंदू) पुढे हवा आणि दाबमध्य मागे. दाबमध्य म्हणजे हवेचा बाजूचा सगळा जोर जिथे एकवटला असं धरता येतं तो बिंदू. दोघांत किमान नळीच्या व्यासाइतकं अंतर ठेवायचं. वाऱ्यानं नाक थोडं कललं तर मागचा जोर शेपटीला ढकलतो आणि नाक पुन्हा सरळ होतं. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या मागे गेला तर तोच जोर रॉकेटला गटांगळ्या खायला लावतो. तुम्ही फिन्सवर लाख, पुट्टी, सरफेसर, रंग, क्लिअर असं सगळं चढवणार, म्हणजे गुरुत्वमध्य हळूहळू मागे सरकणार. म्हणून तोल रंगकाम झाल्यावर बघायचा, आणि तो इंजिन बसवून बघायचा.

दाबमध्य काढायची सोपी रीत: रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोला. तो खरा बिंदू नाही, थोडा पुढे येतो, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. नेमकी आकडेमोड नासातले अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली, ती आता संगणकावर चुटकीसरशी होते. ओपनरॉकेट नावाची प्रणाली फुकट मिळते. मुलीला ती लावून द्या, त्रिकोणमितीची गोडी आपोआप लागेल.

शेवटी दोरीची परीक्षा. गुरुत्वमध्यावर दोरी बांधून चिकटपट्टी लावा, मोकळ्या मैदानात रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर स्थिर. शेपटी पुढे करून किंवा आडवं फिरलं तर नाकात थोडी माती भरून वजन वाढवा. शाडूची माती चालते.

कृष्णाकाठची
सर, हे फार मोलाचं. पण इंजिनच नाही, मग इंजिन बसवून तोल कसा बघणार?

डेन्व्हरकर_मूळचा_मिरजेचा
खोटं इंजिन करा. या आकाराचं खरं इंजिन १८ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब असतं आणि त्यातलं मोठं म्हणजे सी वर्गातलं २५ ग्रॅमच्या आसपास भरतं. कागदाची तेवढीच गुंडाळी करा, आत वाळू भरून दोन्ही टोकं बंद करा, सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या.

आता इंजिनाचं. त्यावर बी६-४ असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेगाचा (जोर गुणिले वेळ) वर्ग. ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत, पुढचं प्रत्येक अक्षर दुप्पट. मधला आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे जळण संपल्यावर किती सेकंदांनी पुढच्या बाजूनं छोटा भडका होऊन पॅराशूट बाहेर फेकलं जाईल. तेवढा वेळ रॉकेट नुसतं वेगावर चढत असतं. त्या भडक्यानं पॅराशूट वितळू नये म्हणून मध्ये न पेटणारा खास कागद चुरगाळून भरतात. साधा टिश्यू पेपर भरू नका, तो पेटत खाली येतो.

पेटवणं नेहमी विजेवर. बॅटरीची पेटी, लांब वायर, पाच मीटर तरी लांब उभं राहायचं. वात लावून पळणं या छंदात नाहीच.

रॉकेटदादा
एवढा विचार कशाला? दिवाळीच्या रॉकेटातली दारू काढून नळीत ठासली की झालं इंजिन.

कवठ्याचा_पोरगा
दादा, म्या कवठे एकंदचा हाय. दसऱ्याच्या रातीला सिद्धराजाच्या पालखीम्होरं आमच्या गावात जी आतषबाजी हुती ती बगाया लांबलांबनं लोक येत्यात. लाकडाची औटं (दारू ठासायची पोकळ लाकडं) भरायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. म्हंजे दारू काय असती ते आमाला कळतं. म्हणूनच सांगतो, ह्यो उद्योग करू नगा. जाणत्या हातांनी काम करताना पण आमच्याकडं स्फोट झाल्यात, माणसं गेल्याती. पोरीच्या हातात ती चीज देऊ नगा. ठासताना एक ठिणगी, नुसतं घासणं बी पुरतं.

खाणपट्टा
कवठेकरांशी शंभर टक्के सहमत. माझं काम दगडखाणीतल्या सुरुंगाचं, परवान्यावर चालतं. स्फोटके कायदा १८८४ चा आणि त्याखालचे नियम २००८ चे. परवाने देणारी यंत्रणा पेसो, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. परवान्याशिवाय घरी असली वस्तू बनवणं गुन्हा आहे, आणि ती पोस्टानं मागवता येत नाही.

शिवाय तांत्रिक बाजू बघा. कारखान्यातल्या इंजिनातली दारू यंत्राच्या ठरावीक दाबानं घट्ट बसवलेली असते, म्हणून ती थरामागून थर, ठरलेल्या वेगानं जळते. हातानं भरलेल्यात फट किंवा चीर राहिली तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब वाढतो आणि नळी फुटते.

डेन्व्हरकर_मूळचा_मिरजेचा
आणि हा छंद जन्मला तोच यासाठी. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत पोरं घरी रॉकेटं बनवून बोटं गमावत होती. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे चपलांचे दुकानदार होते, त्यांना शोभेच्या दारूचा नाद. त्यांचा भाऊ विमानांची मॉडेलं करायचा. दोघांनी मिळून कागद आणि बाल्साचं हलकं रॉकेट, बदलता येणारं छोटं इंजिन आणि परत आणणारं पॅराशूट असं जमवलं. १९५७ साली रॉकेटतज्ज्ञ हॅरी स्टाइन यांचा मुलांच्या या जीवघेण्या खेळाबद्दलचा लेख कार्लाइलनी वाचला आणि आपले नमुने त्यांना पाठवून दिले. तिथून धंदा उभा राहिला. इंजिनं कमी पडायला लागली तेव्हा व्हर्न एस्टेस यांनी ती बनवायचं यंत्रच तयार केलं, त्याचं नाव मेबल. विचार एवढाच की बांधणी मुलांनी करायची आणि दारूला मुलांनी हात लावायचा नाही.

रॉकेटदादा
पटलं. माझा आधीचा प्रतिसाद कुणी मनावर घेऊ नका. हा इतिहास माहीत नव्हता.

जतचा_माळ
उडवायच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या जतकडे या, माळ पडलाय नुसता. पण पावसाळ्यात नको. वारा असा सुटतो की त्याच्यावर पवनचक्क्या फिरतात. पॅराशूट उघडलं की रॉकेट शेजारच्या गावात. थंडीत सकाळी मात्र पान हलत नाही.

तासगावचा_बागायतदार
आणि आमच्याकडे द्राक्षबागांत नको बरं का. मंडपाच्या तारांत अडकलं तर ओढू नका, आम्हाला हाक मारा. छाटणीनंतर कोवळी फूट असते, एका हिसक्यात घड जातात.

भडंगप्रेमी
पलूसच्या बाजूला उसात पडलं तर थेट गाळप हंगामात सापडेल. तोडकऱ्यांकडे आधीच वर्णन देऊन ठेवा.

डेन्व्हरकर_मूळचा_मिरजेचा
ऊस खरंच विचारात घ्या. सी वर्गाच्या इंजिनावर एवढंसं रॉकेट तीनशे मीटरच्या आसपास जाऊ शकतं, डोळ्याला दिसत नाही. पहिलं उड्डाण ए वर्गावर करतात ते याचसाठी. विजेच्या तारेत अडकलं तर ते सोडून द्यायचं, काठीनं काढायला जायचं नाही. वाळकं गवत असेल तिथे उडवायचं नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तरी नाही.

एअरविंग
ताईंच्या मूळ प्रश्नात इंजिन मिळो न मिळो असं होतं. हल्ली इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेतर्फे कॉलेज विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटच्या (डब्याएवढ्या नमुना उपग्रहाच्या) स्पर्धा होतात. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असा गट आहे का ते विचारा. परवानगी, मैदान, देखरेख या गोष्टी एकट्या घराला झेपत नाहीत, संस्थेला झेपतात. मुलगी आत्तापासून बांधायला शिकली तर कॉलेजात पोचेपर्यंत तिचा हात बसलेला असेल.

विट्याचे_सर
तोवर पाण्याचं रॉकेट करा! शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत सायकलच्या पंपानं हवा. बाटली फक्त शीतपेयाचीच घ्या, ती दाब सोसायलाच बनवलेली असते. सुटका दोरी ओढून लांबून करायची, बाटलीवर वाकून बघायचं नाही. न्यूटनचा तिसरा नियम अंगावर पाणी उडवून शिकवतो. फिन्सचा, तोलाचा सगळा अभ्यास यात होतो, आणि पावसाळ्यात भिजायचं निमित्तही. शाळेत मी हे करून घ्यायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं सगळ्यात पुढे असायची.

सातारकर_यवतेश्वर
उशिरा आलो, पण एक विचारतो. रंगाचा एवढा खटाटोप केल्यानं उंचीत खरंच फरक पडतो की नुसतं देखणेपण?

एअरविंग
पडतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि हे चिमुकलं रॉकेट सेकंदा-दोन सेकंदांत मोठा वेग घेतं. चौकोनी कडेचे, खरबरीत फिन्स आणि गोल कडेचे, गुळगुळीत फिन्स यांच्या उंचीतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. फिन आणि नळीच्या सांध्यात फेव्हिकॉलची रेघ भरून ओल्या बोटानं गोलाई दिली तर जोडही मजबूत होतो आणि हवाही सरळ जाते. ही रेघ भरताना रॉकेट आडवं ठेवा आणि सुकेपर्यंत आडवंच राहू द्या, नाहीतर गोंद ओघळून एका टोकाला गोळा होतो.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. इथपर्यंतचं कळवते. इंजिनाची नळी एका दमात बसली. फिन्स दोन थरांच्या पद्धतीनं लावले, सांध्यात गोलाई दिली. मिरजेहून चपडा लाख आणली, निवळूनच घेतली. दुसऱ्या हातानंतर लव उठली आणि जुना पॉलिश पेपर फिरवल्यावर फिन काचेसारखा झाला, हे बघून लेक शेजारच्या काकूंना बोलावून घेऊन आली. नळीची खाच पुट्टीनं भरून झाली. सरफेसर उन्हाच्या दुपारी मारणार. वाळूचं खोटं इंजिन तयार आहे, दोरीची परीक्षा रंगानंतर. आणि पाण्याच्या रॉकेटसाठी तिच्या शाळेतल्या सरांनी मैदान द्यायचं कबूल केलंय.

आता पुढचं ती स्वतः विचारतेय:

मी लेक. मला नाक लाल करायचंय आणि बाकी सगळं पांढरं. आई म्हणते छान दिसेल. पण आकाशात कुठला रंग जास्त दिसतो? आणि टेप लावून रंग मारल्यावर कड धूसर येते ती कशी टाळायची?

डेंटिंगपेंटिंग_माधवनगर
बाळ, मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग, म्हणजे पांढरा, एक पातळ हात मार. फटीत जायचा तो पांढराच जाईल आणि फट बंद होईल. मग लाल. लाल पूर्ण कडक व्हायच्या आत टेप मागे दुमडून सावकाश ओढायची.

डेन्व्हरकर_मूळचा_मिरजेचा
पांढरं आकाशात हरवतं, विशेषतः ढग असतील तर. वर जाताना काळा किंवा गडद रंग उठून दिसतो आणि खाली गवतात पडल्यावर भडक केशरी. म्हणून लाल नाकाऐवजी केशरी नाक कर, आणि तीनपैकी एकच फिन काळा रंगव, दोन पांढरे. रॉकेट वर जाताना स्वतःभोवती फिरतंय का ते त्या एका काळ्या फिनवरून कळतं. खऱ्या रॉकेटांच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात ते याचसाठी. चित्रफीत काढून सावकाश बघितलीस तर किती वेळा फिरलं ते मोजताही येईल.

विट्याचे_सर
आणि जास्त फिरलं तर फिन्स थोडे तिरके बसलेत असं समज. चौकटीच्या कोपऱ्यात धरून रेघा पुन्हा तपास.